अण्णा आणि चार टीबीची डिस्क

सर्व्हर असलेल्या प्रत्येक कचेरीत एक अण्णा असतात. एरवी ते कुठे बसतात हे कुणाला ठाऊक नसतं, पण नवी डिस्क आली की त्यांच्यावाचून पान हलत नाही. चष्मा कपाळावर, सर्व्हर रूमच्या एसीपायी बारा महिने अंगात स्वेटर, आणि संशय हा स्थायीभाव. "अण्णा, पाच मिनिटांचं काम ना?" असं विचारणाऱ्याचं काम हमखास संध्याकाळवर जातं.

मुळात नवी डिस्क कोणती? 'एलएसबीएलके' चालवलं की सगळ्या डिस्कांची उतरंड पडद्यावर येते. एसडीबी, आकार ३.६ टी, खाली पार्टिशन नाही, माउंट नाही. शेंबड्या पोरालाही कळावं. अण्णांना मात्र सीरियल नंबर खोक्यावरच्याशी ताडून हवा असतो, आणि खोकं सकाळीच कचऱ्यात गेलेलं असतं. शिपाई ते शोधायला जातो.

"पण माउंट असलेल्या डिस्कला एमकेएफएस हातच लावत नाही," नव्यानं लागलेला पोरगा एकदा म्हणाला.

"बॅकअपची डिस्क दिवसा माउंट नसते," अण्णा म्हणाले. पोरगा पुढे आठवडाभर चहाला गप्प होता.

पार्टिशनचं लवकर उरकतं. जुन्या एमबीआर तक्त्याची मोजदाद २ टीबीलाच संपते, म्हणून जीपीटी. त्यावर ईएक्सटी४ काही सेकंदांत तयार होते, आणि नेमका याचाच अण्णांना राग. इतक्या लवकर झालं म्हणजे कुणीतरी काम अंगावेगळं केलंय! गंमत म्हणजे ते खरं असतं. आयनोडचे तक्ते कोरे करायचं काम फाइलसिस्टिम माउंटनंतरवर ढकलते. मग डिस्कचा दिवा मागाहून बराच वेळ लुकलुकत राहतो आणि अण्णा त्याच्याकडे 'पकडलं की नाही' अशा नजरेनं बघतात.

खरा सोहळा एफएसटॅबचा. एसडीबी हे नाव रीस्टार्टनंतर एसडीसी होऊ शकतं, म्हणून तिथे ३६ अक्षरांचा यूयूआयडी लिहायचा. तो कॉपी-पेस्ट केलेला असला तरी अण्णा पंचांग सांगावं तसा मोठ्यानं वाचतात आणि पोरानं प्रत्येक अक्षराला 'हो' म्हणायचं असतं. शेवटी 'नोफेल', म्हणजे उद्या डिस्क रुसली तरी सर्व्हर उठेल. मग 'माउंट डॅश ए'. झालं? छे. शनिवारी कचेरी रिकामी झाल्यावर एक रीस्टार्ट, कारण अण्णांच्या मते रीस्टार्ट न झालेला सर्व्हर नुसत्या थापा मारत असतो.

सोमवारी अकाउंट्समधून फोन. "चारचं बिल दिलंय, पडद्यावर ३.४ कशी?" अण्णा खुलतात. कंपनी हजारानं मोजते, सर्व्हर १०२४ नं, म्हणून ३.६. उरलेलं ५ टक्के ईएक्सटी४ रूटसाठी राखून ठेवते.

"रूट कोण?"

"मी."

ही राखीव जागा १ टक्क्यावर आणायला 'ट्यूनटूएफएस'ची एकच ओळ लागते, डिस्क सुटीही करावी लागत नाही. नुसत्या डेटाच्या डिस्कवर ती आणायलाच हवी, हे अण्णांना कुणापेक्षाही चांगलं ठाऊक असतं. पण त्यांचं प्रवासाचं बिल मार्चपासून अकाउंट्सच्या टेबलावर पडून आहे. ते पास झालं की दीडशे जीबी निघतील.