निधी उभा, उमेदवार आडवा

केंटकीचे सिनेटर मिच मॅकॉनेल यांना घरी बसवण्याच्या पुण्यकार्याचा अमेरिकेने जाहीर सत्कार करायला हवा. 2014 साली त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने दोनेक कोटी डॉलर जमवले आणि सुमारे 15 टक्के मतांनी हार पत्करली. एवढ्यावर समाधान मानणारे दाते वेगळे! 2020 मध्ये मॅकॉनेल यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या एमी मॅकग्रा यांच्यासाठी देशभरातून ओघ सुरू झाला. आज मध्यरात्रीच्या आत फक्त पाच डॉलर द्या, नाहीतर लोकशाही बुडालीच, अशा धाटणीचे ईमेल. आणि ज्यांना केंटकीत मतदानच करता येत नाही, त्यांचा हात सर्वांत सैल. जमले नऊ कोटींवर डॉलर. पराभव जवळपास 20 टक्क्यांचा. प्रगती कुणालाही दिसावी. हाच वेग राखला, तर चाळीसेक कोटींत साहेब बिनविरोध आले असते.

आमची एक नम्र सूचना होती: पुढच्या खेपेस उमेदवार उभाच करू नये. देणग्या थेट टीव्ही वाहिन्यांच्या खात्यात भराव्यात. जाहिरातींच्या वळणाने त्या नाहीतरी तिथेच पोचतात.

पण फेब्रुवारी 2025 मध्ये, आपल्या 83व्या वाढदिवशी, मॅकॉनेल यांनी पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. चक्क फुकटात. दात्यांना निदान एक ईमेल तरी पाठवायचा!