चौथ्या जागेचे शून्य

ज्या पुण्यात नाना फडणविसांच्या करड्या नजरेखाली रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांची मोडी लिपीत चोख मांडणी होत असे, आणि जिची साक्ष देणारे रुमाल आजही पेशवे दफ्तरात बांधलेले आहेत, त्याच पुण्यात सांप्रत सदाशिव पेठेपासून हिंजवडीपर्यंत एक्सेलची सूत्रे फी भरून शिकावी लागतात, हा कालमहिमाच म्हणावयाचा. या विद्येत सर्वाधिक प्रतिष्ठा लाभते ती ‘इफ’च्या उदरात ‘इफ’ कोंबण्याच्या कौशल्यास. एक्सेल अशी 64 पुटे मुकाट्याने सोसते, आणि आठवड्याने खुद्द कर्त्यासही त्यांचा अर्थ लागत नाही, यालाच बहुधा पांडित्य म्हणत असावेत. जीएसटीचा 18 टक्के दर प्रत्येक सूत्रात न गाडता एकाच चौकटीत लिहावा आणि तिचा पत्ता डॉलरचिन्हाने जखडावा, हे साधे शहाणपण मात्र कोणासही रुचत नाही. व्हीलुकअपचा चौथा घटक तर ऐच्छिक असल्याने सर्रास गाळला जातो. मग मागितलेला माल यादीत नसला, तरी यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे परस्पर गृहीत धरून ते सूत्र भलत्याच मालाचा भाव बिलावर बिनदिक्कत चढविते, आणि मालक त्यास संगणकाचा हिशेब म्हणून मस्तक लववितो. फडणिशीत असल्या कारकुनाची गय झाली असती, असे वाटत नाही. तेव्हा, वाचकहो, पुढचे विवरणपत्र भरण्यापूर्वी कृपा करून त्या चौथ्या जागी एक शून्य लिहावे.