सेटिंग भाऊंचा हातगुण

गेम अटकू लागला की जामखेडमध्ये आधी दुकानात जात नाहीत, सेटिंग भाऊंना बोलावतात. खर्डा रोड असो की बीड रोड, दर दोन-चार गल्ल्यांमागे एक सेटिंग भाऊ असतातच. वय विशीच्या पुढेमागे, पुण्यात डिप्लोमाची काही वर्षं, खिशात पेन ड्राइव्ह आणि कोणाचाही कॉम्प्युटर बघताना चेहऱ्यावर "असेंबल कोणी केलाय हा?" असा भाव. "भाऊ, जीटीए लई अटकतंय, येता का?" एवढा निरोप त्यांना पुरतो. गचके कधीपासून बसतात, गेम सुरू होताच की तासाभराने, लॅपटॉपला चार्जर असताना की नसताना, हे ते विचारत नाहीत. नेट संथ असल्यामुळे समोरचा खेळाडू उड्या मारतोय की आपलाच पडदा अडखळतोय, हा भेदही त्यांच्या लेखी नाही. दोन्हीला ते 'लॅग'च म्हणतात. मालकाला स्टुलावर बसवून ते खुर्चीचा ताबा घेतात आणि डेस्कटॉपवर राइट क्लिक करून तीनदा रिफ्रेश मारतात. त्याने पडद्यावरची चित्रं पुन्हा रंगवली जातात, बाकी काही होत नाही. पण आचमन केल्याशिवाय गुरुजींनाही पुढे सरकता येत नाही. मग टेम्प फोल्डर रिकामा होतो. प्रीफेचही पुसला जातो. वास्तविक त्या नोंदी विंडोजने प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणूनच जमवलेल्या असतात. पुढे एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसरच्या आकड्यापुढे आठ निवडायचे. विंडोज सगळे कोअर आधीच वापरत असते, ती चौकट चाचणीसाठी कोअर कमी करायला ठेवलेली आहे. तरी 'आता आठही कोअर लागले' असं भाऊ जाहीर करतात आणि स्टुलावरच्याला आजवर आपण किती कोअर फुकट घालवले याची हुरहूर लागते. शेवटी पेन ड्राइव्हमधली एक रजिस्ट्री फाइल. ती काय करते हे भाऊंना ठाऊक नाही, ज्याच्याकडून घेतली त्यालाही नव्हतं. रीस्टार्ट. "आता बघ."

आणि गेम खरोखर सुधारतो. इथेच सेटिंग भाऊंना हसून मोकळं होणाऱ्या शहाण्यांची पंचाईत होते. गुण येत नसता तर गल्लीने त्यांना दुसऱ्यांदा बोलावलं असतं का? माझं म्हणणं एवढंच की गुण खरा आहे, पण तो भाऊंच्या हाताचा नाही. हल्लीच्या गेममधल्या गचक्यांची एक मोठी जात अशी आहे की ती आपोआप बरी होते. पाणी, काच, धूर, आग पडद्यावर कशी दिसावी हे ठरवणारे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना शेडर म्हणतात. प्रत्येक ग्राफिक्स कार्डाची बोली निराळी, म्हणून ते त्या त्या कॉम्प्युटरवरच त्याच्या कार्डाजोगे तयार करावे लागतात. २०१५ साली विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आलं आणि या तयारीचा बराच भार ड्रायव्हरवरून गेम बनवणाऱ्यांच्या अंगावर आला. ज्यांनी तो आधी उचलला नाही त्यांच्या गेममध्ये पहिला स्फोट झाला की प्रोसेसर शेडर तयार करायला धावतो आणि तेवढा वेळ चित्र थिजतं. मात्र एकदा तयार झालेला शेडर डिस्कवर जपून ठेवला जातो, त्यामुळे तोच स्फोट दुसऱ्यांदा विनातक्रार होतो. आता भाऊंना कधी बोलावतात? पहिल्यांदा गचके बसल्यावर. ते येऊन गेल्यावर तोच भाग पुन्हा खेळला जातो, आणि तो सुरळीत जातो. मधल्या वेळात भाऊंनी नुसता चहा घेतला असता तरी श्रेय चहाला मिळालं असतं. याहून नामी प्रकार ड्रायव्हरचा. नवा ड्रायव्हर टाकला की जपलेले शेडर बहुधा बाद होतात आणि सगळी तयारी पहिल्यापासून करावी लागते. त्या संध्याकाळी गचके वाढतात. भाऊ शांतपणे म्हणतात, "नवीन ड्रायव्हर आहे, सेट व्हायला दोन दिवस लागतील." दोन दिवसांनी खरंच सेट होतं. कारण न कळता निदान अचूक ठरण्याचं इतकं भाग्य फार थोड्या व्यवसायांत असेल. (ज्योतिषाचं नाव इथे घेत नाही.)

यावर भाऊंचं उत्तर तयार असतं: पुरावा पडद्याच्या कोपऱ्यात आहे. तिथे त्यांनी हिरव्या अक्षरांत एफपीएस लावून दिलेला असतो, म्हणजे सेकंदाला किती चित्रं. आधी ५२ होता, आता ६०. आकडा खोटा नसतो हे खरं, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर असू शकतो. सेकंदात साठ चित्रं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद. समजा ५९ चित्रं १५ मिलिसेकंदांत आली आणि एकाने ११५ घेतले. बेरीज बरोबर एक सेकंद, सरासरी बरोबर साठ, आणि तरी डोळ्याला झटका बसतो तो त्या एका चित्रामुळे. ही गोष्ट काही भाऊंनाच उशिरा कळली असं नाही. गेमचं मोजमाप करणारं बहुतेक जगच वर्षानुवर्षं सरासरीवर समाधानी होतं. २०११ साली 'टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी एका सेकंदाच्या आत शिरून प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते मांडलं, तेव्हा समान सरासरीची दोन कार्डं खेळताना वेगळी का वाटतात याचा उलगडा होऊ लागला. हा चित्रागणिक वेळेचा आलेख आज फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतो, भाऊंच्या पेन ड्राइव्हमध्ये बहुतेक असतोही. पण आलेख वेडावाकडा दिसतो. हिरवा साठ रुबाबदार दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: जुनं कार्ड, एकच रॅम, हार्ड डिस्क, एवढ्यावर भागवणाऱ्या पोराला नवीन वस्तू घेणं परवडत नाही, भाऊ निदान फुकटात काहीतरी करतात. मान्य. पण फुकटातली खरी कारणंही भाऊ बघत नाहीत, कारण ती सेटिंगमध्ये नसतात. जामखेडचा मे महिना, वर पत्रा, कॅबिनेटच्या जाळीवर धुळीची गादी. प्रोसेसर नव्वदीच्या पुढे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, म्हणून पहिली वीस मिनिटं गेम पळतो आणि नंतर धापा टाकतो. याला इलाज ब्लोअर, किंवा सकाळी खेळणं. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि कार्डाची ताकद आखडते. इलाज, वीज येईपर्यंत थांबणं. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये चित्रकामालाही रॅमच वापरली जाते आणि दोन पट्ट्या जोडीने चालल्या की तिचा वेग वाढतो, म्हणून ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या बऱ्या. एवढं सांगायला रजिस्ट्री उघडावी लागत नाही, दोन प्रश्न विचारावे लागतात. जामखेडमध्ये ही पद्धत अपरिचित असावी याचं नवल वाटतं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी याच गावात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, आणि त्यांनी घडवलेल्या आरोग्यसेविका, ज्यांतल्या कित्येकींनी कधी पाटी हातात धरली नव्हती, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजत आणि मग गावाच्या पिण्याच्या पाण्याकडे वळत. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक हे बघायला जामखेडला आले. त्याच गावात पुढे अटकणाऱ्या जीटीएला सुई टोचली जाते, आणि सुईत काय आहे ते टोचणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, सगळा दोष भाऊंवर कशाला? गेमच अर्धेकच्चे बाहेर येतात. हेही खरं आहे. २०२२ चा 'एल्डन रिंग' पीसीवर महागड्या मशीनलाही गचके देत होता. २०२३ साली 'द लास्ट ऑफ अस' पीसीवर आला तेव्हा तो सुरुवातीलाच सगळे शेडर तयार करायला बसे, आणि साध्या प्रोसेसरवर ते इतकं रेंगाळे की लोकांना गेमच बंद पडल्यासारखा वाटे. तो मध्येच तोडणारे भाऊ मी कल्पनेने सहज पाहू शकतो. पण दोष गेमचा असेल तेव्हा तर रजिस्ट्रीला हात लावायचं काहीच कारण उरत नाही. कंपनीच्या दुरुस्तीची वाट बघायची, तोवर दुसरं काही खेळायचं. 'माझ्या हातात काही नाही' हे वाक्य मात्र भाऊंच्या सेटिंगमध्ये नाही.

एक उपाय फुकटही आहे आणि पुष्कळदा लागूही पडतो. मशीन जेवढं सतत पेलेल तेवढ्यावर एफपीएसला मर्यादा घालायची. साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ४० ते ७० मध्ये हेलकावणाऱ्या गेमला ३० वर बांधलं, तर प्रत्येक चित्र बरोबर दोन फेऱ्या टिकतं आणि डोळा निवांत होतो. प्लेस्टेशनवरचे कितीतरी नावाजलेले गेम वर्षानुवर्षं तीसवरच चालले, आणि लोकांनी रांगा लावून ते घेतले. भाऊंना हे ठाऊक असतं. पण त्यात आकडा खाली येतो, आणि खाली आलेला आकडा दाखवून गल्लीत नाव राखता येत नाही. मालकाने परस्पर ३० ची मर्यादा लावून घेतली, तर पुढच्या भेटीत भाऊ ती पहिली काढतात, कोपऱ्यात ७१ झळकवतात, आणि अटकण्याबद्दल विचारलंच तर म्हणतात, "त्ये गेमच तसलं हाय."