१८२ लिटर निसर्ग

रायपूरच्या मराठी घरातला पन्नाशीचा पुरुष एकाएकी कमी बोलू लागला, की घरचे आधी शेअर बाजाराचा संशय घेतात, मग अध्यात्माचा. दोन्ही नसेल तर त्याच्या सदऱ्याची उजवी बाही बघावी. ती कोपराच्या वरपर्यंत ओली असली, तर गृहस्थ टाकीत पडला आहे असं समजावं.

याचं आडनाव देशपांडे असेल, बक्षी असेल. तो तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरात राहत असेल किंवा शंकरनगरच्या फ्लॅटमध्ये. आपण त्याला टाकीकर म्हणू. टाकीकर बँकेत असतो किंवा बँकेतून नुकताच सुटलेला असतो. हॉलमध्ये सासऱ्यांनी दिलेलं शोकेस जिथे होतं, तिथे आता लोखंडी स्टँडवर ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी काचेची टाकी असते. हिशेबाने तिच्यात १८२ लिटर पाणी मावतं. काच, दगड आणि माती धरून वजन अडीच क्विंटलच्या घरात जातं. मजला एवढं झेलेल का, हे त्याने सिव्हिल इंजिनीअर भाच्याला विचारलेलं असतं आणि तो ‘नको’ म्हणाल्यावर दुसऱ्या भाच्याला.

या घरात गेल्यावर एक प्रश्न चुकूनही विचारू नये. तो म्हणजे, “यात मासे कुठे आहेत?” मासे असतात. पेराएवढे वीसपंचवीस टेट्रा त्या हिरव्या दाटीत कुठेतरी फिरत असतात. ते मुद्दाम लहान निवडलेले असतात, कारण मासा लहान दिसला की मागचा दगड डोंगर दिसतो. “मासे दुय्यम आहेत,” टाकीकर सांगतो. “ही फिशटँक नाही, हा लेआउट आहे.” पाहुणा वास्तुशास्त्रवाला निघाला तर आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायला सुचवतो. दादरहून आलेली मावशी तारापोरवाला मत्स्यालयाची आठवण काढते. ते १९५१ साली उघडलं तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती, आणि तिथले मासे “एवढे, एवढे” होते. टाकीकर दोघांनाही चहा देतो. बिस्किटं देत नाही.

या सगळ्याचं मूळ जपानात आहे. ताकाशी अमानो, जन्म १९५४, गाव नीगाता. हा माणूस आधी व्यावसायिक सायकलपटू होता. पुढे कॅमेरे घेऊन जंगलं धुंडाळत हिंडला आणि १९८२ साली त्याने पाण्यातल्या बागांसाठी लागणाऱ्या सामानाची कंपनी काढली. टाकीतलं शेवाळ खाणारी एक कोळंबी त्याने एवढी प्रसिद्ध केली, की दुकानदार तिला त्याच्याच नावाने ओळखतात. २००१ पासून त्याच्या कंपनीची जागतिक स्पर्धा भरते आणि पहिलं बक्षीस दहा लाख येन असतं. २०१५ साली त्याने लिस्बनच्या मत्स्यालयात चाळीस मीटर लांबीचं पाण्याखालचं जंगल उभं केलं आणि त्याच वर्षी तो गेला. त्या दिवशी टाकीकरने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण ‘जवळच्या व्यक्तीचं निधन’. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात टाकीकरने ठेवू दिला.

स्पर्धेसाठी टाकी जपानला न्यायची नसते. समोरून काढलेला एक फोटो पाठवायचा, बस्स. नेदरलँड्समध्ये दगड-लाकडांवाचून नुसत्या झाडांच्या रांगा लावायची जुनी पद्धत आहे आणि तिथले परीक्षक म्हणे घरी येऊन टाकी तपासतात. हे कळल्यापासून टाकीकरच्या बायकोला जपानबद्दल आदर वाटू लागला आहे. परीक्षकांना जेवायला काय करायचं, हा प्रश्न तरी मिटला.

सुरुवात दगडांपासून होते. दगड विषम संख्येत हवेत. त्यातला थोरला तो ओयाइशी, त्याला साथ देणारा फुकुइशी, त्याच्या पुढचा सोएइशी, आणि कोपऱ्यात असून नसल्यासारखा सुतेइशी. दगडांची ही नाती टाकीकरला तोंडपाठ आहेत. बायकोच्या मावसभावांची अजून गल्लत होते. थोरला दगड मधोमध ठेवला की पाप लागतं. तो सुवर्ण गुणोत्तरात, म्हणजे एका काचेपासून साधारण साडेपंचावन्न सेंटिमीटरवर हवा. मग टाकीकर टेप घेऊन जमिनीवर पालथा पडतो आणि दगड अर्धा सेंटिमीटर सरकवतो. तासाभराने तो परत मूळ जागी आणतो. घरच्यांनी “आता छान दिसतंय” असं दोन्ही वेळा म्हणायचं असतं.

दगड आणायचा कुठून, यात खरी गंमत आहे. रायपूर चुनखडकावर बसलंय. म्हणून तर बलौदाबाजार आणि तिल्द्याकडे सिमेंटचे कारखाने आहेत. टाकीकर रविवारी एका खाणीच्या कडेवरून सुंदर धारदार दगड स्कूटरवर घालून आणतो, घरी येऊन त्यावर व्हिनेगर टाकतो आणि दगड फसफसतो. म्हणजे चुना. म्हणजे पाणी जड होणार आणि नाजूक झाडं रुसणार. दगड गच्चीवर जातो, जिथे त्याचे पूर्वज आधीच पडलेले असतात. मग टाकीकर किलोच्या भावाने जपानी नावाचा करडा दगड मागवतो. त्यावर व्हिनेगर टाकलं तर तोही फसफसतो. पण पावती मोठी असल्यामुळे या फसफसण्याला कॅरॅक्टर म्हणतात.

झाडांना पाण्यात कर्बवायू लागतो, दर दहा लाख भागांत तीस भाग. टाकीला चिकटवलेल्या काचेच्या इवल्या घंटीतलं द्रावण निळं असेल तर वायू कमी, पिवळं असेल तर जास्त आणि मासे धोक्यात, हिरवं हवं. टाकीकरचा स्वभावही त्या रंगाप्रमाणे बदलतो, म्हणून घरातले लोक पैसे मागण्याआधी घंटी बघून घेतात. नवखेपणी त्याने साखर, यीस्ट आणि कोमट पाणी बाटलीत भरून वायू काढला होता. बाटली, बूच, त्यातून निघालेली नळी आणि जिन्यापर्यंत पसरलेला आंबूस वास. छत्तीसगडात एवढ्या पुराव्यावर लोक एकच निष्कर्ष काढतात. खालच्या मजल्यावरच्या सद्‌गृहस्थांनी दोनदा सहज म्हणून चक्कर मारली आणि महुआ नाही हे कळल्यावर येणं बंद केलं. आता वेल्डिंगवाल्यांना लागतो तो सिलिंडर आहे. तो भरून आणायला टाकीकर उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत जातो. उरला-सिलतऱ्याच्या चिमण्या हाच वायू दिवसरात्र फुकट सोडत असतात, सोबत प्रत्येकाच्या गच्चीवर काजळीही टाकतात. त्या धुरातून तोंडाला रुमाल बांधून हा माणूस तोच वायू विकत आणतो आणि सेकंदाला दोन बुडबुडे या हिशेबाने पुरवतो.

लोहाचंही तेच. पानं लाल व्हायला लोह लागतं. बैलाडिल्याचे डोंगर आणि भिलाईच्या भट्ट्या ज्या राज्यात आहेत, तिथे टाकीकर लोहाची परदेशी बाटली मागवतो, ड्रॉपरने मोजून घालतो आणि झाकणाला राहिलेला थेंब बोटाने पुसून टाकीत सोडतो.

पण सगळ्यात भारी झाडांची गोष्ट. रोटाला नावाची एक गुलाबी शेंड्याची वनस्पती या लोकांना प्राणप्रिय आहे. निर्जंतुक जेलीत वाढवलेले तिचे चार काडीएवढे अंकुर तीन-चारशे रुपयांच्या डबीत येतात. डबी उघडताना पंखा बंद करतात. रोटालाची भाईबंद मंडळी आपल्या भाताच्या शेतात तण म्हणून माजतात. अभनपूरच्या वाटेवर, श्रावणात गुडघाभर पाण्यात बियासी चालते तेव्हा उभ्या पिकातून नांगर फिरवून शेतकरी हेच सगळं चिखलात गाडत असतो. रायपूरच्या तलावांतून जलकुंभी उपसायला माणसं लावावी लागतात ते वेगळंच. हे टाकीकरला सांगून उपयोग नसतो. तो म्हणतो, “त्यात गोगलगायींची अंडी असतात.” खरं आहे, असतात. पण नीगाता हासुद्धा जपानचा भाताचा मुलूख आहे आणि अमानोंची कंपनी त्या खाचरांतूनच उभी राहिली. धानाच्या कटोऱ्यात बसून दुसऱ्याच्या कटोऱ्याकडे बघणाऱ्या या माणसाचा मला राग येत नाही. त्याने निदान मान खाली घालून बघायला सुरुवात तरी केली.

त्याला उघडं पाडलं ते कामाला येणाऱ्या बाईंनी. टाकीत पुढच्या बाजूला हिरवळ हवी म्हणून टाकीकरने मार्सिलिया आणली. हे नेचं आहे, चार पाकळ्यांचं पान. चिमट्याने एकेक रोप मातीत खोचत असताना बाई झाडू टेकवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ये तो चुनचुनिया भाजी आय!” बाजारात दहा रुपयांना जुडी मिळते. लसूण-मिरचीच्या फोडणीत छान होते. टाकीकरने ऑस्ट्रेलियन जात, वेगळी प्रजाती, असं बरंच काही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. महिन्याभरात पाण्याखालच्या नव्या पानांनी चार पाकळ्या टाकून दिल्या आणि एकेकच गोल पाकळी धरली. पाण्यात बुडवल्यावर ही वनस्पती असंच करते. बाई काचेशी वाकल्या. “भइया, भाजी ल बिगाड डारेव.”

स्पर्धेचे फोटो पाठवायची मुदत मेअखेर असते. नीगात्यात तेव्हा हवा प्रसन्न असणार. रायपुरात २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरतो आणि नवतपा लागतो. पारा पंचेचाळीसला टेकतो. टाकीकरच्या झाडांना चोवीस-पंचवीस अंश हवेत. तिशीच्या वर मॉस तपकिरी पडतं, नाजूक पानं विरघळतात आणि काळं दाढीवालं शेवाळ अंगात आल्याप्रमाणे पसरतं. सहा महिन्यांची तपश्चर्या शेवटच्या आठवड्यात पणाला लागते. आधी पाण्यावर पंखे बसतात. कोरड्या हवेत पाणी झपाझप उडतं आणि दोन-तीन अंश खाली येतात. रोज बादलीभर पाणी वरून घालावं लागतं. मग फ्रीझरमधली मटारची पाकिटं बाहेर येतात आणि बर्फाच्या बाटल्या आत जातात. शेवटी घरातला एकुलता एसी आईबाबांच्या खोलीतून हॉलमध्ये येतो. आईबाबांना कूलर, टेट्रांना एसी. बाबा काही बोलत नाहीत. ते उशी घेऊन हॉलमध्ये येतात आणि टाकीसमोर सतरंजी घालून झोपतात. त्यांना विचारलं तर तेही म्हणतात, “मासे दुय्यम आहेत.”

फोटोच्या रात्री घरात कर्फ्यू असतो. नळ्या, फिल्टरची तोंडं, थर्मामीटर सगळं बाहेर. मागच्या काचेला पांढरा कागद आणि त्यामागे दिवे. पाण्यावर लहर दिसावी म्हणून धाकटा स्टुलावर उभा राहून आईचा हेअर ड्रायर धरतो, थंड हवेवर. फोटोत नंतर कारागिरी केलेली चालत नाही, म्हणून माशांनी एका दिशेने, थव्याने, थोरल्या दगडाच्या डावीकडून जायला हवं. टेट्रांना हे सांगितलेलं नसतं. बायको अंधारात उकिडवी बसून काचेच्या कडेला जाळी हलवते. “अहो, आले, आले, घ्या!” टाकीकर म्हणतो, “विस्कटले.” पुन्हा. रात्री दीडला थवा जमतो, वळतो, दगडाच्या डावीकडे येतो आणि वीज जाते.

फोटो शेवटच्या दिवशी जातोच, दरवर्षी जातो. मग निकालाची वाट. या स्पर्धेची सभ्यता अशी, की सगळ्यांना क्रमांक देतात. टाकीकरचा चार आकडी येतो. तो दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्यांना ‘छत्तीसगडात पहिला’ असं सांगतो, आणि दुसरा कोण हे कोणी विचारत नाही. गुणांची वाटणी मात्र तो कोणाला दाखवत नाही. शंभरातले पन्नास गुण माशांना घरच्यासारखं वाटेल अशा जागेला असतात. म्हणजे परीक्षकांनीही, आपल्या परीने, मासे कुठे आहेत हेच विचारलेलं असतं.

निकाल लागला की टाकी मोडायची, हा नियम. पुढच्या वर्षी १२० सेंटिमीटरची घ्यायची, असं बायकोला अजून सांगायचं असतं, म्हणून तो स्वतःहून बादल्या उचलतो. टाकीतलं उपसलेलं पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना जातं. सगळी खतं त्यातच असल्यामुळे बायकोचा कढीपत्ता आणि तुळस कॉलनीत नावाजलेली आहेत आणि त्याचं श्रेय ती शेणखताला देते. हिरवळीचा गालिचा उपटून परातीत ठेवला, तेव्हा बाईंनी विचारलं, घेऊन जाऊ का? टाकीकर घाबरला, म्हणाला, यात खतं आहेत. बाई म्हणाल्या, “खातू तो खेत मा घलो डारथन.” आणि पदरात बांधून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी टाकीकर सकाळपासून दाराकडे बघत होता. बाईंनी केर काढला, भांडी घासली, हात पुसले. मग म्हणाल्या, “थोरको सुवाद नइये.”

टाकीकरने वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं : चव नाही. पुढच्या खेपेला पोटॅशियम वाढवणे.