बोट पडलं इंदापूरवर

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने एकाच इंटरनेट एक्सप्लोररचे दोन अवतार दिले. एक माऊसवाल्यांचा, दुसरा बोटवाल्यांचा. दुसऱ्यात पत्त्याची पट्टी खाली, अंगठ्याजवळ, चौकोन ऐसपैस. मोझिलानेही तसाच फायरफॉक्स करायला घेतला आणि मार्च २०१४ मध्ये गुंडाळला. चाचणीत रोजचे हजार वापरणारेही कधी दिसले नाहीत म्हणे.

दिसतील कसे? आंबेगावच्या लोणीत कुणी विचारलंच नाही! इथल्या कितीतरी जणांनी माऊस न धरताच इंटरनेट गाठलं, थेट बोटाने. ब्राउझर आता बोटाला सरावलेत. सरकारी पानं मात्र अजून टेबलाशी बसलेल्या साहेबाच्या मापाची. सातबारा पाहायला तालुका निवडावा आंबेगाव, तर बोट पडतं इंदापूरवर. तिथे आपलं गाव कुठून सापडणार? मग सगळं पहिल्यापासून.

ॲपल सांगतं, बटण किमान ४४ पॉइंटचं हवं. गुगलचा आकडा ४८. कांदा काढून आलेल्या बोटाचं माप यात कुणी धरलंय? फोनचा पडदा बोटाच्या स्पर्शाने विजेत होणारा बारीकसा बदल टिपतो. मातीचा थर बसलेलं, भेगाळलेलं बोट त्याला कळेलच असं नाही. रेशन दुकानातल्या अंगठा घेणाऱ्या यंत्राचीही तीच तऱ्हा.

अर्थात तोडगा आहे. ब्राउझरमधल्या ‘डेस्कटॉप साइट’वर टिचकी मारायची. अख्खं पान एकदम दिसतं, मुंगीएवढ्या अक्षरात.