जय पाहिलेले काकाजी

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या पवनी गेटवर पहाटे चहा घेत उभे राहा. एक काकाजी हळूच जवळ सरकतील आणि विचारतील, "जय पाहिला होता का जी तुम्ही?" तुम्ही 'नाही' म्हणावं एवढीच त्यांची अपेक्षा असते. पुढचा अर्धा तास त्यांचा.

नागझिऱ्यात जन्मलेला जय हा वाघ 2013 मध्ये शेतं, रस्ते ओलांडत इकडे आला. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही एप्रिल 2016 मध्ये असा गायब झाला की पुन्हा दिसलाच नाही. वनखात्याने जंगल पालथं घातलं, चौकशीच्या मागण्या झाल्या. काकाजींचा शोध अजून चालूच आहे, फक्त तो आता वंशावळीतून चालतो. जंगलात कुठलाही वाघ दिसो, काकाजी सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाच्या थाटात त्याचं घराणं सांगतात. "मान पाहा मान! जयचंच रक्त." चाल मिळाली तर मुलगा, नुसता रुबाब मिळाला तर नातू. यातलं काहीच जुळलं नाही, तर तो वाघ "ताडोबाकडून आलेला" ठरतो आणि काकाजींचं त्याच्यातलं लक्षच उडतं.

त्यांच्याकडे जयचा एकही फोटो नाही. "मोबाईल काढायला हात हलला असता तर तो गेला असता ना!"

भाच्याने एकदा त्यांना आर्क्टिकमधल्या वॉलरसचा व्हिडिओ दाखवला. हे बघायला लोक लाखो रुपये भरून जहाजाने जातात, नर टनाच्या वर भरतो, असंही सांगितलं. काकाजींनी बर्फावर पडलेला तो ढीग चष्मा वर करून पाहिला. "वजन आहे. सुळेही बरे आहेत. पण जनावराने उठून दोन पावलं चालावं की नाही?"

मध्यंतरी एका सफारीत चितळाचा धोक्याचा कॉल आला. गाईडने जिप्सी थांबवली. झुडपाआडून काहीतरी काळपट सरकलं आणि काकाजी उभेच राहिले. "नात! जयची नात! पाठ ओळखली मी." टेलिलेन्सवाले पाहुणे धडाधड फोटो काढू लागले. गाईड मान खाली घालून पुटपुटला, "अस्वल होतं ना जी थे."

काकाजी शांतपणे खाली बसले. "त्याच्या मागे होती," ते म्हणाले.

पवनी गेटने जाणार असाल तर काकाजींना जिप्सीत पुढेच बसवा. मागे बसवलंत तर सफारीभर सगळ्या गाडीच्या माना मागे वळलेल्या राहतात आणि वाघ समोरून निघून जातो.