रजिस्टर उघडा, मालक

मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मालक यांस,



तुमच्या दुकानाच्या काचेवर अजून तीच पाटी आहे: ‘लायसन्सची संपूर्ण जबाबदारी आमची. ट्रायलचं टेन्शन नको.’ पाटी रंगवणाऱ्याने काम चोख केलंय. बाकी दुकानात चोख काही सापडलं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या भाचीने तुमच्याकडे पूर्ण फी भरली. कोर्स संपल्यावर तुम्ही तिच्या हातात फॉर्म ५चं सर्टिफिकेट ठेवलंत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३१ तुम्हाला पाठ असायला हवा, कारण त्याच्याच जोरावर तुम्ही दुकान मांडलंय. खासगी चारचाकी शिकवायची तर किमान २१ दिवस, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास. तुम्ही एका तासाच्या बॅचला चार जण कोंबता. म्हणजे माणशी पंधरा मिनिटं. एकही खाडा न करता २१ दिवस आलं तरी सव्वापाच तास होतात. त्यातून सिग्नल, पेट्रोल पंप आणि तुमच्या ट्रेनरसाहेबांचा चहा वजा करायचा.

एकदा मी तुमच्या गाडीत मागच्या सीटवर बसून आले. बेल्ट शोधला. पट्टा होता, पण बक्कल सीट कव्हरच्या खाली दाबून शिवून टाकलेलं. विचारलं तर ट्रेनर म्हणाला, “ताई, मागे कोण लावतं!” ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले, ते मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसले होते. त्यानंतर महिनाभर देशभर याच एका गोष्टीवर चर्चा झाली. ती तुमच्या गाडीपर्यंत पोचली नाही. जिथे गाडी शिकवतात तिथेच बेल्टचं बक्कल शिवून बंद केलेलं असतं, तेव्हा पोरं काय शिकून बाहेर पडणार?

पुढच्या सीटवर भाची स्टिअरिंग धरून बसली होती. ट्रेनरच्या एका हातात फोन होता आणि दोन्ही पाय त्याच्या बाजूच्या पेडलवर. क्लच तोच दाबत होता, ब्रेकही तोच. भाचीला वाटत होतं, आपण चालवतोय. शिकाऊ गाडीला ड्युअल कंट्रोल सक्तीचं आहे ते अडीअडचणीला गाडी थांबवता यावी म्हणून. तुम्ही त्याची शिकवण्याची पद्धत करून टाकलीत. हाफ क्लच कुठे धरतो, गाडी कुठे गुरगुरते, कुठे बंद पडते, हे ज्या पायाला कळायचं तो पाय २१ दिवस रिकामाच राहिला. ट्रायलसुद्धा तुमच्याच गाडीत झाली. शेजारी तुमचाच माणूस, पेडलवर त्याचेच पाय. मग पास कोण झालं, तेवढं सांगा.

शेवटच्या दिवशी तुम्ही फॉर्म १५चं रजिस्टर पुढे सरकवलंत. कुठल्या दिवशी कुणी किती वेळ गाडी चालवली, त्याचा हिशेब त्यात ठेवायचा असतो. भाचीने सगळ्या दिवसांच्या सह्या एका बैठकीत, एकाच पेनाने केल्या. “फॉर्मॅलिटी आहे” असं तुम्हीच तिला म्हणालात.

पक्कं लायसन्स आल्यावर ती आईला घेऊन कात्रजच्या जुन्या घाटाने निघाली. चढावर पुढची एसटी थांबली, तशी हिनेही गाडी थांबवली. पुन्हा उचलताना गाडी मागे सरकायला लागली. हँडब्रेक ओढून हाफ क्लच धरायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा, ही चढावरची पहिली गोष्ट तिला कुणी कधी दाखवलीच नव्हती. तुमच्या ठरलेल्या सपाट फेरीत चढ येतच नाही. मागच्या टेम्पोवाल्याने अंतर ठेवलं होतं म्हणून दोघी धडधाकट घरी आल्या. त्या माणसाला बहुधा कुणीतरी नीट शिकवलं होतं.

चढाचं हे असं, आणि उताराबद्दल तर तुमच्याकडे अवाक्षर नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने ड्रायव्हर पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे. गिअरमध्ये असली की इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते, पेडल दगडासारखं होतं. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आपण पुणेकर वर्षानुवर्षं बघतोय. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड गाडीने अनेक वाहनं चेपली. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केल्याचं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं. तुमचं दुकान तिथून फार लांब नाही. त्या पुलाकडे बोट दाखवून दहा मिनिटं बोलला असतात, तरी फी वसूल झाली असती.

आणि अंतर? ताशी १०० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच पंचवीस-तीस मीटर संपतात, म्हणून पुढच्या गाडीपासून दोन सेकंद, म्हणजे ५५ मीटर तरी सोडायचे. एक्स्प्रेस वेवर पहिल्यांदा गाडी घालणाऱ्या पोरीला हे माहीत नसेल तर तिचं लायसन्स नुसतं ओळखपत्र आहे. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, ट्रकच्या डाव्या अंगाला घुटमळायचं नाही, कारण तिथे आपण ड्रायव्हरला दिसत नाही, हेही तिला माझ्याकडून कळलं. प्रथमोपचारही अभ्यासक्रमात आहेत. तुमच्या दुकानात मला बँडेजची पट्टीसुद्धा दिसली नाही.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. “मॅडम, शिकायला वेळ कुणाला आहे? लोकांना कार्ड हवं असतं.” खरं आहे. फीसाठी घासाघीस करणारे आईबाप मीही पाहिलेत. कच्च्या लायसन्सची परीक्षा २०२१ पासून घरबसल्या देता येते, आणि ती तुमच्या टेबलावरच्या पोराने द्यावी म्हणून जादा पैसे मोजणारेही पाहिलेत. तुमच्या गाड्यांवर दरवेळी सही करणाऱ्या आरटीओतल्या साहेबांनाही यातून सोडणार नाही. पण शिकवण्याचा परवाना भिंतीवर तुमच्या नावाने टांगलाय. गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून नियमातले निम्मे तास खायची मुभा त्या परवान्यात कुठे लिहिलीय?

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली पंधरा हजारांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातली. हे सगळे तुमच्या माथी मारण्याइतकी मी अविवेकी नाही. खड्डे आहेत, दारू आहे, चुकीचे उतार आहेत. पण सर्वांत जास्त बळी जातात ते अतिवेगाने, आणि वेग म्हणजे काय हे समजावून सांगायची जागा तुमच्या गाडीची पुढची सीट होती.

येत्या रविवारी सकाळी सहाला भाचीला घेऊन येते. तिचे राहिलेले तास द्या. कात्रजच्या जुन्या घाटात चढावर थांबून गाडी पुन्हा उचलायची, तोच घाट गिअरमध्ये उतरायचा. एक फेरी रात्रीची आणि पाऊस आला तर एक पावसातली. ट्रेनरने फोन दुकानात ठेवायचा आणि पाय पेडलवरून बाजूला. मागच्या सीटचं बक्कल कव्हर फाडून वर काढायचं. रजिस्टरवर सही त्या त्या दिवशी, खऱ्या वेळेची.

हे जमणार नसेल तर सोमवारी आरटीओत दोन कागद पडतील: तुमच्याविरुद्ध लेखी तक्रार आणि तुमच्या फॉर्म १५च्या प्रतींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज. दोन्ही लिहून तयार आहेत, फक्त तारीख घालायची बाकी आहे.

आपली,
एका विद्यार्थिनीची मावशी
धनकवडी, पुणे